शेऱ्याचा रकाना

उन्हाळ्यात नगरपंचायतीत योजना आली.
शोषखड्डा खणा, छताचं पाणी मुरवा,
अंगणात पावसाची बाग करा,
आधी खर्च करा, फोटो द्या,
मग पैसे खात्यात.
मी कंत्राटी. माझ्याकडे टेप, लेव्हल,
स्वतःची दुचाकी आणि अर्जांचा गठ्ठा.

वरच्या ले-आउटमध्ये मुरूम आहे.
बादलीभर पाणी ओतलं की
घड्याळ बघेस्तोवर गायब.
मी लिहीत गेलो: पात्र, पात्र, पात्र.
गावंडे मास्तरांनी चहा पाजला,
खड्ड्याशेजारी कर्दळ लावू की केळ, विचारलं.
चांगली माणसं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मग नाल्याकाठची टोली.
तिथे काळी माती.
अर्ज एकच. पंचफुला वाघाडे.
टिनाचं छप्पर, बारा बाय चौदा.
घरटॅक्सची पावती सासऱ्याच्या नावावर,
सासऱ्याला जाऊन अकरा वर्षं.
तरी म्हटलं, चाचणी तर घेऊ.
खड्डा तिनंच खणून ठेवला होता,
माझ्या आखणीपेक्षा सरळ कडांचा.
पाणी लागेल, म्हणालो.
तिनं घरातली गुंडी आणली,
सकाळी बोअरवर रांग लावून भरलेली,
आणि एका दमात ओतली.

दोघं बसून बघत राहिलो.
दहा मिनिटं. वीस.
पाण्यावर लिंबाचं एक पान फिरत होतं,
तेही थांबलं.
"मुरत नाही," मी म्हणालो.
"मुरत असतं तं अर्ज कायले केला असता, बापा?"

तक्त्यात याला उत्तर नव्हतं.
तक्त्यात होतं: जमीन शोषक नाही, सबब अपात्र.
ती वाटीवाटीनं पाणी काढून
परत गुंडीत भरत होती, गढूळ.
"कोंबड्याइले होते."
मग छपराकडे हात करून म्हणाली,
"ह्या टिनावरचं पाणी माहं. त्याचा अर्ज केला.
वरून ले-आउटातून येते थे कोनाचं?
त्याचा अर्ज कोनं भरायचा?"

तिच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या.
मला वाटलं, पोराची उंची.
पोराची नव्हती.
सर्वांत वरची रेघ चुलीच्या ओट्यावर वीतभर,
ले-आउटचा रस्ता डांबरी झाला त्या सालची.

यादी लागली. त्रेचाळीस खड्डे, एक बाग,
सगळं नाक्याच्या वर.
तिच्या अर्जावर शेऱ्याच्या रकान्यात
मी पेन्सिलीनं लिहिलं होतं:
पाणी येथे पडत नाही, येथे पाठवले जाते.
फाइल परत आली.
'शेरा छापील पर्यायांतूनच द्यावा.'
कोणीतरी खोडरबर नीट चालवलं होतं.
कागद मात्र तिथं पातळ झालाय,
उजेडाला धरला तर वाचता येतो.

पोळ्याच्या आदल्या रात्री झड लागली.
वरचे खड्डे आपापलं छप्पर प्यायले,
मी उभं राहून पाहिलं, छान प्यायले.
रस्ता कोणाच्याच अर्जात नव्हता.
तो खाली गेला.

सकाळी लेव्हल घेऊन टोलीत गेलो.
योजनेत नव्हतं, भत्ता नव्हता.
पट्टी पंचफुलानं धरली,
घोटाभर चिखलात, अजिबात न हलता.
यंत्र आमचं जुनं, भिंगात सगळं उलटं दिसतं:
तिचे पाय वर, त्यांच्यावर चिखल,
मधोमध तिची बोटं,
आणि बोटांच्या मागं आकडे.

"किती आलं?"
सांगितलं.
चुलीत तिनं कोळसा चाचपला, सगळे ओले.
मग माझी पेन्सिल मागितली.